भुकेली हवा

निरामय श्वासगृहाच्या तळमजल्यावर वायुमापन कक्ष होता. तिथल्या पडद्यावर दोन रेघा होत्या. एक वर चढलेली, एक तळाशी लोळत पडलेली. डॉ. केतकी निमगडेने त्या दोन रेघांकडे पाहूनच आपल्या बापाला कुठं ठेवायचं ते ठरवून टाकलं होतं. दिवाकरला तिनं बोलावलं होतं ते फक्त हो म्हणायला.

"वरची रेघ मोठ्या दालनाची," ती म्हणाली. "खालची एकांत खोल्यांची. याहून जास्त पुरावा काय पाहिजे तुला?"

दिवाकर पाचपोर श्वासगृहाचा वायू-अभियंता होता. माणूस हुशार, पण बोलण्याआधी मान खाजवायची सवय. त्यानं ती खाजवली.

"रेघ कसली आहे ते तर सांगशील? मला रसायनशास्त्र पास होण्यापुरतंच येत होतं."

श्वासगृह वणीच्या बाहेर, कोळशाच्या पट्ट्यात उभं होतं. इमारत पूर्ण हवाबंद. बाहेर उन्हाळा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसू नये, आणि हवेत खाणींची धूळ आणि वीजघरांची राख. आत राहत होते ते जन्मभर खाणीत राबून फुप्फुसं काळी करून घेतलेले म्हातारे, आणि कोळशाच्या ढिगांवर पाट्या वाहिलेल्या काही बाया. बाहेरची हवा त्यांना आठवडाभरही झेपली नसती. म्हणून ती गाळून, थंड करून आत सोडायची. पण गाळलेल्या हवेच्या नळ्यांत काळी बुरशी धरली आणि एका पावसाळ्यात तिनं खाटांची आख्खी रांग रिकामी केली. तेव्हापासून हवेत ओझोन सोडला जाई, अगदी थोडा, बुरशीचे बीजाणू मरण्यापुरता. या योजनेला सगळे शोधनझोत म्हणत. बुरशी हटली. माणसं मात्र मरायची ती मरतच राहिली, आणि डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा लवकर मरत राहिली. ते का, हे शोधायला महाविद्यालयात हवेचं रसायन शिकवणाऱ्या केतकीला नेमलं होतं. तिचा बाप दौलत निमगडे तिथंच वरच्या दालनात होता, ही गोष्ट नेमणूक करणाऱ्यांना माहीत होती आणि केतकीला तर क्षणभरही विसरता येत नव्हती.

"ओझोन म्हणजे प्राणवायूचाच भाऊ, पण तापट डोक्याचा," ती सांगू लागली. "प्राणवायूच्या रेणूत अणू दोन, याच्यात तीन. तो तिसरा कायम कुणाच्या तरी अंगावर जायला टपलेला. तू त्याला बुरशीवर सोडतोस, पण बुरशी कुठली आणि माणूस कुठला, हे त्याला कळत नाही. त्याला लागतात दुहेरी बंध."

"म्हणजे?"

"तेलाचा रेणू ही कर्बाची लांब साखळी असते. काही ठिकाणी दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचा एकच हात धरलेला असतो, काही ठिकाणी दोन्ही हात. दोन्ही हात धरलेले, तो दुहेरी बंध. ओझोन नेमका तिथं घाव घालतो आणि साखळी तोडतो. माणसाच्या कातडीवर जे अंगचं तेल असतं ना, त्यात असे बंध खच्चून भरलेले. केसांत, कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे तेच. साखळी तुटली की तुकडे हवेत उडतात. त्यांना मी उपवायू म्हणते. दालनात शिरल्याबरोबर जुन्या गादीसारखा खवट वास येतो बघ, तो त्यांचाच. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पण यांच्या फुप्फुसांना?"

"आणि वरची रेघ या उपवायूंची."

"हो. आणि ती चढलेली का, ते तुला माहीत आहे. दुपारी जाऊन बघ वर काय चालतं."

दुपारी वर काय चालतं ते श्वासगृहात सगळ्यांनाच माहीत होतं. खाणीतून पाळी संपवून वर आलं की अंघोळ करायची आणि एकमेकांच्या पाठी जवसाच्या तेलानं चोळायच्या, ही या लोकांची जुनी रीत. पाठीपर्यंत आपला हात पोचत नाही, म्हणून दुसऱ्याचा लागतो. खाणी बंद पडल्या, माणसं निकामी झाली, पण रीत गेली नाही. जेवणं झाली की दालनात तेलाची वाटी फिरायची. थरथरणारे हात थरथरणाऱ्या पाठी चोळायचे आणि त्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या नसायच्या.

"तुझं यंत्र यात काय करतं?" केतकीनं विचारलं.

"यंत्र साधं आहे. मजल्यावरची सगळी हवा फिरून परतीच्या नळीत येते. तिथं एक संवेदक आहे. ओझोन ठरल्यापेक्षा कमी भरला की यंत्र आणखी सोडतं, जास्त भरला की हात आखडतं. मध्ये तो कुणी खाल्ला, कुठं खाल्ला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि ती पातळी मुख्यालयानं कुलूपबंद केलेली आहे. बुरशीच्या प्रकरणानंतर इथल्या कुणावर त्यांचा भरवसा नाही."

"ठीक आहे. झोताला आपण हात लावायचाच नाही," केतकी म्हणाली. "तेल बंद करायचं. रोज साबणानं अंघोळ, रोज धुतलेली चादर. आणि जे फार आजारी आहेत त्यांना एकांत खोल्यांत हलवायचं. माझ्या बापापासून सुरुवात करते, म्हणजे कुणी तक्रार करणार नाही."

दिवाकरनं पुन्हा मान खाजवली. पडद्यावर खरंच दोनच रेघा होत्या.

दौलतनं मात्र तक्रार केली.

"काहून वं? मले तिथं एकट्याले कोंडतं काय?" तो म्हणाला. "इथं झिबल हाय, चार माणसं हायेत. खोकलत खोकलत का होईना, दिवस जाते."

"बाबा, तिथली हवा स्वच्छ आहे. मी मोजलीय."

"हवा मोजली तुनं. मले मोजलं काय?"

शेजारच्या खाटेवरचा झिबल काकडे हसला. दौलतच्याच पाळीवर आयुष्य काढलेला माणूस. हसताना त्याला खोकला आला आणि दोघांनी मिळून तो पुरा केला. "जा लेका," झिबल म्हणाला. "पोरगी डाक्टर झाली तुही. तिनं नाही म्हणलं असतं तं तू खाणीतबी गेला नसता."

दौलत गेला. पोरीपुढं त्याचं कधीच काही चालत नसे. खाणीच्या वसाहतीतल्या एका खोलीत त्यानं तिला एकट्यानं वाढवलं होतं. बाहेर काळी धूळ उडायला लागली की ओला पंचा दाराच्या फटीत कोंबून तिला म्हणायचा, वाच तू, आत काही येत नाही. केतकी हवेचं शास्त्र शिकली ती बहुधा त्या पंचामुळेच. आता दाराची फट बुजवण्याची पाळी तिची होती.

मजल्याच्या टोकाला एकांत खोल्यांची ओळ होती. बहुतेक रिकाम्या. दौलतच्या शेजारच्या खोलीत सुभद्राबाई वेलादी होत्या. जन्मभर कोळशाची पाटी डोक्यावर वाहिलेली बाई, मागेपुढे कुणी नाही. त्या फारशा बोलत नसत. दाराशी कुणी दिसलं की हात तेवढा वर करत.

पहिल्या दिवसापासून दौलतच्या खोलीतली उपवायूंची रेघ जमिनीला टेकली. इतकी स्वच्छ हवा केतकीनं कुठल्याच वस्तीत मोजली नव्हती. तिनं समाधानानं श्वास घेतला. बापाचा श्वास मात्र तोकडा होत चालला. आधी बोलताना थांबू लागला, मग जेवताना, मग नुसता पडल्या पडल्याही. ती आणखी कडक झाली. चादर दिवसातून दोनदा बदलायला लावली. त्याचे केस काढून टाकले. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं, स्वतःही खिडकीच्या काचेतूनच बघू लागली. रेघ आणखी खाली गेली. डॉक्टरांनी दौलतला श्वासपंप लावला. हा पंप भिंतीत बसवलेला, खोलीतलीच हवा ओढायचा आणि मुखवट्यातून जोरानं छातीत भरायचा. लावताना डॉक्टर केतकीकडे न बघता म्हणाले, की आता यांना हलवायचं नाही, खाटेवरून खाटेवरसुद्धा नाही, आणि तुम्ही मनाची तयारी ठेवा.

केतकीनं तयारी ठेवली नाही. कक्षात बसून ती त्या दोन रेघांकडे बघत राहिली. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि हवा निर्मळ होती. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे तिला उमजेना. इतकं धुतलंय, इतकं पुसलंय, मग याला खातंय तरी काय?

दिवाकर एका दुपारी हातमापक घेऊन वर आला तो दुसऱ्याच कामासाठी. परतीच्या नळीतला संवेदक नीट बोलतोय की नाही ते पडताळायला तो खोल्याखोल्यांतून थेट ओझोन मोजत हिंडत होता. दौलतच्या खोलीत शिरला, आकडा बघितला, मापकावर टिचकी मारली, पुन्हा बघितला आणि केतकीला आत बोलावलं.

"दालनात काही हातीच लागत नव्हतं," तो म्हणाला. "इथं बघ."

दालनापेक्षा तो आकडा कितीतरी पट मोठा होता. केतकी नीट बघायला पुढं वाकली. तिच्या वेणीचं टोक मापकाच्या तोंडाशी आलं आणि आकडा भरभर उतरला. ती मागं झाली, तो चढला. तिनं आपला तळहात धरला. उतरला. हात काढला. चढला.

ती खाटेच्या कडेला बसली.

"काय झालं?" दिवाकरनं विचारलं.

"राख," ती म्हणाली. "दिवाकर, मी राख मोजत होते."

"नीट सांग."

"चुलीत राख दिसली तर लाकूड जळून गेलं, एवढाच त्याचा अर्थ. उपवायू ही ओझोनची राख आहे. दालनात ती भरपूर, कारण तिथं ओझोन जळून संपतो. तीस माणसांची कातडी, केस, गाद्यांत मुरलेलं तेल, वापरलेल्या चादरी, सगळे मिळून त्याला खातात. छातीपर्यंत पोचायला तो उरतच नाही. वास येतो, घसा खवखवतो, पण माणूस जगतो." तिनं खोलीभर हात फिरवून दाखवला. "आणि इथं मी सगळं धुऊन काढलं. तेल नाही, केस नाहीत, मळकं फडकं नाही, दुसरा माणूस नाही. या भुकेल्या हवेला खायला खोलीत काही ठेवलंच नाही मी. फुप्फुसाच्या आतल्या अस्तरात तसलेच बंध असतात, दिवाकर. कातडीसारखेच. एवढी एकच वस्तू शिल्लक ठेवली मी, आणि पंप तिच्यापर्यंत हवा ढकलतोय."

मुखवट्याच्या आत दौलतचे डोळे मिटलेले होते. यंत्र त्याची छाती फुगवत होतं आणि सोडत होतं.

"म्हणजे आजवर एकांत खोल्यांत गेलेले..." दिवाकर म्हणाला.

"फार आजारी म्हणून इथं यायचे, आणि इथं येऊन मरायचे. आपण म्हणायचो, आजारच तसा होता."

पुढचा तास दोघांनी वेड्यासारखी धावपळ केली. दिवाकरनं मुख्यालयाला कळवलं की झोताची पातळी आत्ताच्या आत्ता खाली आणा. उत्तर आलं, विनंती समितीपुढं ठेवतो, सकाळी कळवू. खोलीत झोत सोडणारी झडप मिटून घ्यावी, तर त्या एवढ्याशा खोलीत पंपावरचा माणूस स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरला असता. पंपाच्या तोंडाशी औषधी कोळशाची चाळणी बसवली तर ओझोन तिथंच अडला असता, पण ती नागपूरहून यायची, म्हणजे तीही सकाळीच.

झिबलला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "घ्या. आख्खी जिंदगी कोळसा खणला आम्ही अन् मूठभर कोळसा नागपूरवरून येते." मग त्यानं केतकीकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्याची थट्टा ओसरली. "पोरी, सांग आमाले काय करावं लागते ते. तेल लावून बसाचं हाय न फक्त? ते तं आमाले येते."

तसंच ठरलं. रात्र काढायची होती, आणि ती माणसांच्या अंगांवर काढता येण्यासारखी होती. केतकीनं स्वतः घातलेली बंदी स्वतःच मोडली. दालनात पुन्हा वाटी फिरली, आणि या वेळी पाठीवरच नाही तर छाती, हात, पाय, डोकी, सगळीकडे. धुवायला काढलेल्या चादरी परत आणून तेलात भिजवून दालनभर टांगल्या. दालनातल्या माणसांच्या छातीपर्यंतही आता ओझोन पोचायला नको, असं तिला वाटलं. ज्यांना बसणं जमत होतं ते पाळीपाळीनं दौलतच्या खाटेभोवती येऊन बसले, उघड्या अंगानं, एकमेकांना टेकून, तुकतुकीत. जवसाच्या तेलात दुहेरी बंध ठासून भरलेले असतात, ओझोनला त्याहून लाडकं खाद्य क्वचितच असेल. दिवाकरनं सदरा काढला आणि तोही बसला. दिवेलागणीला मापकाचा आकडा उतरू लागला. खोलीत जुन्या गादीचा, खवट तेलाचा, माणसांचा वास दाटला. केतकीला तो वास छातीत भरून घ्यावासा वाटला.

बापाचा हात तिच्या हातात होता. त्याच्या बोटांनी जरासा दाब दिला, की तिला तसा भास झाला, कुणास ठाऊक. त्याच वेळी सिस्टर परब दारात आली. मालवणकडची बाई, कामाला वाघ, कुणाला नाही म्हणणं तिला ठाऊक नव्हतं.

"मॅडम, शेजारी सुभद्राबाई पण एकट्याच आहेत पंपावर. त्यांच्याजवळ बसवायला कुणी नाही हो, चालतीफिरती बाई एकही नाही आज. तेल तरी लावून ठेवू?"

"हो, हो. लावा. सगळ्या अंगाला लावा."

"जवसाचं संपलं. माझ्याकडे खोबरेल आहे घरचं. चालेल?"

मापकावरचा आकडा नेमका तेव्हा आणखी एका घरानं खाली आला. केतकीचे डोळे त्याच्यावर होते.

"चालेल," ती म्हणाली.

रात्र सरली. पहाटेच्या सुमाराला दौलतचा श्वास लांब झाला. उजाडल्यावर डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, आणि पंपाचा जोर निम्म्यावर आणला. मग थोडा वेळ मुखवटा काढून बघितला. दौलतनं आजूबाजूला बसलेली उघडी, तेलकट मंडळी पाहिली.

"हे काय करून राहिले बे तुमी?" तो पुटपुटला. "कोणाचं लगन हाय?"

झिबल हसला आणि रडला. केतकीनं बापाच्या टकलावर कपाळ टेकलं. आपण त्याला मारत होतो, आणि तो मेला नाही. तिच्या मनात एवढी एकच गोष्ट होती आणि तिथं दुसऱ्या कशाला जागा नव्हती. इतकं सुख तिला फार वर्षांत झालं नव्हतं.

दिवाकर सदरा चढवून यंत्र बघायला खाली गेला होता. तो परत आला तेव्हा जिने एका दमात चढल्यासारखा धापा टाकत होता. त्यानं तिला बाहेर बोलावलं.

"यंत्र काल दिवेलागणीपासून पूर्ण जोरावर चालू आहे," तो म्हणाला. "आजवर कधी चाललं नव्हतं तितकं. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मीही तिथंच बसलो होतो ना."

"पूर्ण जोरावर का?"

"आपण सगळ्या दालनाला तेल लावलं. चादरी टांगल्या. ओझोन सगळा तिथंच खाल्ला गेला, परतीच्या नळीत काही उरेना. त्याला वाटलं, कमी पडतोय. सोडत गेलं, सोडत गेलं. दालन खातंय, तुझ्या बाबांची खोली खातेय. दालनात काही बिघडलं नाही, इथंही नाही. पण झोत मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत सारखाच येतो. जिथं खायला कुणी नसेल तिथं..."

"बाकीच्या खोल्या रिकाम्या आहेत," केतकी घाईनं म्हणाली. "आणि सुभद्राबाईंना तेल लावलंय. मीच सांगितलं होतं सिस्टरांना, सगळ्या अंगाला..."

वाक्य तिथंच राहिलं. आपण काय बोललो होतो ते तिला शब्दाशब्दानं ऐकू आलं.

शेजारची खोली चार पावलांवर होती. दार उघडल्याबरोबर तिला वास आला. खोबरेलाचा, गोडसर, बाटलीचं झाकण आत्ता काढल्यासारखा ताजा. खवटपणाचा लवलेश नाही. जुन्या गादीचा वास नाही. रात्रभर या खोलीत इतका ओझोन येत राहिला होता आणि तेल जसंच्या तसं होतं. असणारच. खोबरेलाच्या साखळ्यांत दुहेरी बंध नावापुरते असतात, म्हणून तर ते टिकतं. विद्यार्थ्यांना ती हे दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायची. ओझोननं त्या तेलाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. त्या म्हातारीच्या कातडीवर अंगचं म्हणून जे थोडंफार तेल असेल, ज्याच्या जोरावर ती इतके दिवस तग धरून होती, ते आधी साबणानं निघालं होतं, आणि उरलंसुरलं खोबरेलाच्या थराखाली झाकलं गेलं होतं. मग हवेला एकच वाट राहिली, पंपाची.

पंप चालूच होता. सुभद्राबाईंची छाती फुगत होती आणि खाली जात होती, आणि तेवढंच. ओठ निळे पडले होते. अंग डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत दिसत होतं, मन लावून चोळलेलं.

सिस्टर परब खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नाडीवरून हात काढून तिनं तो पदरात गुंडाळून घेतला होता.

"झोपेतच गेल्या हो, मला वाटतं. मी पहाटे बघितलं तेव्हा हात वर केला होता त्यांनी, नेहमीसारखा." तिनं केतकीकडे पाहिलं. "अंघोळ घालून स्वच्छ केलं, मग तळपायापर्यंत तेल लावलं, मॅडम. काही राहू दिलं नाही. माझं काही चुकलं का?"

केतकीनं पुढं होऊन पंप बंद केला. छाती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलं होतं. मी चालेल म्हटलं."

भिंतीपलीकडून झिबल हाका मारत होता. दौलतला चहा पाहिजे होता.